येथे शिकार करू नये

सगळ्या सातपुड्यात बिबट्या एकच पाटी पाळतो, आणि ती आमच्या खैरपाड्यात गेंदाच्या बकऱ्यांच्या खोपटाला टांगलेली आहे. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. रस्ता सोपा आहे. डांबर संपलं की आमचं गाव लागतं. मी मूळचा शिंदखेड्याकडचा, पण उभी हयात जंगलखात्यात गार्ड म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिलो. एवढ्या वर्षांत मी एकदाही खोटं बोललो नाही. माझ्याच तोंडून ही गोष्ट ऐकलेले कितीतरी लोक तुम्हाला तशी साक्ष देतील.

तर त्या वर्षीचा उन्हाळा. खान्देशात उन्हाळा दरवर्षी येतो, पण त्या वर्षी तो बिऱ्हाड घेऊनच आला होता. बोदवडच्या स्टेशनात कावळे पंख्याखालच्या बाकावर माणसांना खेटून बसायचे. गाडी आली तरी उठायचे नाहीत. शेवटी माणसंच सरकून त्यांना जागा करून द्यायची. सावद्याला केळीचा घड कापून ट्रकमध्ये चढवेपर्यंत खालच्या फण्यांचे वेफर झालेले असायचे, फक्त मीठ लावायचं बाकी. आणि आमच्या चिरमाळ राष्ट्रीय उद्यानात मोर पिसारा फुलवायचे ते नाचायला नाही, लांडोरीला सावली करायला.

उद्यान राष्ट्रीय होतं, तहान मात्र गावठीच होती. वरच्या नाल्यात एक पाणवठा होता, त्याचा तळ फुटला होता. तो दुरुस्त करायचा, शेजारी बोअर मारायची, त्यावर सोलर पंप बसवायचा, अशी योजना मंजूर होऊन पडली होती. फक्त निधी यायचा होता. निधीचं असं असतं की तो वरून निघतो तेव्हा चांगला धष्टपुष्ट असतो, पण वाटेत त्याला इतके पाहुणे भेटतात की आमच्यापर्यंत नुसता त्याचा नमस्कार पोचतो.

पाणी आटलं तशी जनावरं खाली सरकली, आणि त्यांच्यामागे बुच्याही.

बुच्या म्हणजे आमचा बिबट्या. डावा कान तुटका, म्हणून बुच्या. तो कान कसा तुटला याच्या माझ्याकडे वेगवेगळ्या हकिकती आहेत आणि सगळ्या खऱ्या आहेत, पण त्या राहू देत. बुच्या खाली आला तो थेट गेंदाच्या दारात. गेंदाचं घर गावाच्या पार कडेला, जंगलाला पाठ लावून. नवरा नाही, शेती पाऊस देईल तेवढीच, सगळा भरवसा बकऱ्यांवर. पोरगी रोशनी धुळ्याला नर्सिंग शिकत होती. तिचं वसतिगृह, तिची पुस्तकं, तिचा तो पांढरा ड्रेस, सगळं या बकऱ्यांनीच भरलेलं. पहिली बकरी गेली तेव्हा गेंदाने खोपटाभोवती काट्या लावल्या. दुसरी गेली तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, आता आणखी एक गेली की उरलेल्या सगळ्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला विकते आणि पोरीला घरी बोलावते. बिबट्याला पोसण्यापेक्षा ते बरं.

भरपाईचा अर्ज आम्ही केला होता. पण भरपाईही निधीच्याच गाडीने यायची होती.

आमचे रेंजर हितेंद्रसाहेब तरुण होते, सज्जन होते, आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे खरं बोलायचे. त्यांनी डोकं चालवलं. सरकारी निधी येत नाही तर लोकांकडे जाऊ, म्हणाले. पाणवठा दत्तक द्यायचा. जो खर्च करेल त्याच्या नावाची पाटी तिथे लावायची. मला बरोबर घेतलं, कारण सावद्याच्या केळीवाल्यांत माझी ओळख. ओळख म्हणजे, मी त्यांना सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या लक्षात होत्या.

आम्ही गेलो भिकमचंदशेठकडे. आजोबा राजस्थानातून आलेले, तीन पिढ्या केळीचा व्यापार. दान करण्यात माणूस अगदी सढळ. मात्र दिलेल्या वस्तूवर नाव हवं. सावद्यात भिकमचंदशेठचं नाव वाचल्याशिवाय तुम्हाला बसता येत नाही, पाणी पिता येत नाही आणि मेल्यावर धड जळताही येत नाही, कारण बाक, पाणपोई आणि स्मशानातली शेड तिन्ही त्यांचीच. धर्मशाळेतल्या पंख्यांच्या पात्यांवरही नाव आहे. पंखा सुरू झाला की शेठ गरगर फिरतात.

शेठने योजना ऐकली आणि मान डोलावली. मुक्या जिवांना पाणी, यापेक्षा पुण्य कोणतं. पंप, बोअर, सिमेंटचं काम, सगळं करतो म्हणाले. चहा आला. काम झालंच होतं. एवढ्यात आतून कुसुमलताबाई, म्हणजे शेठाणी, दाराशी आल्या आणि त्यांनी अगदी साधं विचारलं, की पाण्यावर कोणकोणते जीव येतील.

साहेबांनी यादी सांगितली. चितळ, भेकर, मोर, रानडुक्कर, बिबट्या.

आणि बिबट्या काय खातो, बाईंनी विचारलं.

इथे कुठल्याही जाणत्या माणसाने चहा पिऊन विषय केळीच्या भावाकडे वळवला असता. पण साहेब खरं बोलणारे. ते रंगात आले. पाणवठ्याच्या काठी बिबट्या कसा दबा धरून बसतो, चितळ मान खाली घालून पाणी प्यायला लागलं की कशी झेप घेतो, आणि हे बघायला लोक कुठून कुठून येतात, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. झेप दाखवताना त्यांची बशी पडली.

शेठचा चेहरा उतरला. घरात कांदा-बटाटा येत नाही, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं, चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून बघून पाऊल टाकतात, अशी ती माणसं.

"म्हणजे हरणाला पाणी दाखवून मी बोलवायचं, आणि त्याला जेवायला वाढायचं?" शेठ म्हणाले. "वर ताटाशेजारी माझं नाव?"

साहेब बशीचे तुकडे गोळा करायला लागले. मला समोर गेंदा दिसायला लागली, बकऱ्यांना बाजाराच्या रस्त्याने हाकणारी. मग मी बोललो. मी म्हटलं, शेठजी, साहेब नवीन आहेत, पुस्तकातलं सांगतात. दुसऱ्या जंगलातलं मला माहीत नाही, पण आमचा चिरमाळचा बिबट्या पाण्यावर शिकार करत नाही. आमच्याकडे विहिरीवर बायासुद्धा भांडत नाहीत, भांडायचं तर घागर घरी ठेवून येतात. वाघदेवाचं ठाणं आहे वर. त्याच्या हद्दीत पाण्यावर आलेला जीव हा पाहुणा. बुच्या पाणी पितो, हरणाला वाट देतो, आणि त्याचं जे काय असेल ते पलीकडच्या डोंगरात जाऊन करतो.

साहेब माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच झेप घेतली. पण शेठच्या जिवात जीव आला.

"मग ही गोष्ट पाटीवर लिहायची," ते म्हणाले. "त्याच्या लक्षात राहील."

पाटी जळगावहून करून आणली. शेठचं काम, त्यात काटकसर नाही. दाराएवढा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, आरशासारखा घासलेला, आणि त्यात कोरलेली अक्षरं: सर्व प्राणिमात्रांस नम्र विनंती, येथे शिकार करू नये. खाली भिकमचंद रुपचंद परिवार, सावदा. उद्घाटनाला सावद्याहून गाड्या भरून मंडळी आली, मांडव पडला, जंगलात पहिल्यांदा मठ्ठा आणि बुंदी वाटली गेली. पंप सुरू झाला, टाकीतून पाणी पाणवठ्यात पडलं, तेव्हा कुसुमलताबाईंनी हात जोडले. त्या क्षणी मलाही वाटलं की आपण खरंच बोललो असू.

फक्त पाटी कुठल्या बाजूला लावायची यावरून थोडी ओढाताण झाली. साहेबांना ती रस्त्याकडे हवी होती, येणाऱ्या लोकांना दिसेल अशी. शेठना ती नाल्याकडे हवी होती. त्यांचं म्हणणं असं की माणसं काही इथे शिकारीला येणार नाहीत, जो करणारा आहे तो तिकडून येतो, मग पाटी इकडे लावून फायदा काय. साहेब हळूच म्हणाले की प्राण्यांना वाचता येत नाही. शेठ म्हणाले, इतकी वर्षं पाट्या लावतोय, माणसंही कुठे वाचतात. पाटी वाचण्यासाठी नसते, साहेब, लावण्यासाठी असते.

पाटी नाल्याकडे लागली. बरोबर बुच्याच्या वाटेवर.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, मचाणावर बसून. दिवस कलताना बुच्या आला. पाण्याचा वास त्याला दुपारीच लागला असणार, त्याची चाल लग्नाला निघालेल्या व्याह्यासारखी होती. वळणावर आला आणि थांबला. समोर पाण्याच्या काठावर एक बिबट्या उभा. अंगाने तेवढाच, आणि तोही कानाने बुचा. बुच्या गुरगुरला, तो गुरगुरला. बुच्याने दात दाखवले, त्याने तेवढेच दाखवले. बुच्या बसला, तोही बसला. बराच वेळ दोघे एकमेकांकडे पाहत होते. मग बुच्याने जांभई दिली. समोरच्यानेही दिली, आणि तिथे बुच्याचा धीर सुटला. ज्याला आपली भीती वाटत नाही, वर जांभई येते, त्याच्याशी काय भांडायचं. तो उठला आणि आल्या वाटेने निघून गेला, शेपटी खाली घालून. पुन्हा काही त्या पाणवठ्याकडे फिरकला नाही.

इकडे चितळांची चैन झाली. सकाळ-संध्याकाळ कळपच्या कळप पाणी प्यायचे. साहेबांनी झाडावर बांधलेल्या कॅमेऱ्यात हरणंच हरणं, बिबट्याचा मागमूस नाही. ते फोटो सावद्याला पोचले आणि गावात एकच बोलबाला झाला. भिकमचंदशेठची पाटी बिबट्या पाळतो. लोक शेठच्या पाया पडायला लागले. एकाने विचारलं, उंदरांसाठी अशी पाटी करून मिळेल का, गोदामात लावायची आहे. बोदवडचे बन्सीलालशेठ, म्हणजे भिकमचंदशेठचे साडू, यांना तर हे ऐकून जेवण जाईना. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांची चढाओढ लग्नाच्या मांडवापासूनची. यांनी बाक दिला की त्यांनी पंखा द्यायचा, यांनी पंखा दिला की त्यांनी कूलर.

सगळे खूश होते. बुच्याही तसा खूश होता, कारण त्याला खाली गेंदाच्या दारात बकऱ्यांच्या पाण्याचं कुंड सापडलं होतं. पाणीही तिथेच आणि जेवणही तिथेच.

तिसरी बकरी गेली. गाभण होती.

गेंदा माझ्याकडे आली तेव्हा मी अंगणात बसून एका पाहुण्याला पाटीचा महिमा सांगत होतो. पाहुणा तोंड उघडून ऐकत होता. गेंदाने सगळं ऐकून घेतलं, जांभईपर्यंत. मग आपल्या अहिराणीत म्हणाली:

"नाना, शेठनी पाटीनी हरनं वाचाडात. हरीण जीव शे. मंग मनी बकरी काय भाजी शे?"

तिने माझ्याकडून उत्तराची वाट पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने उरलेल्या सगळ्या बकऱ्या एका टेम्पोत घातल्या. मला वाटलं बाजारात निघाली. रोशनीचं शिक्षण संपलं असं समजून मी तिच्या मागे धावलो आणि चालत्या टेम्पोत चढलो. पण बाजाराचा फाटा आला आणि टेम्पो सरळ पुढे गेला. सावद्याला.

भिकमचंदशेठच्या दारात तिने एकेक बकरी उतरवली आणि ओट्याच्या खांबांना बांधली. खांब संपले तेव्हा शेठच्या मोटारीच्या आरशाला बांधली. शेठ बाहेर आले. गेंदाने पदर खोचला.

"तुमनाकडे बिबट्या येस नही," ती म्हणाली. "ह्या बठ्ठ्या बकऱ्या आते तुमना दारमा ऱ्हातीन. तुमी जीव पाळतस ना? ह्या बी पाळा."

आणि ओट्यावर बसली.

आता या घरची पंचाईत लक्षात घ्या. दुसऱ्या कुणाच्या दारात असं झालं असतं तर त्याने बकऱ्या हाकलल्या असत्या. पण इथे दारात आलेला मुका जीव उपाशी परत पाठवायचा नाही, आणि तोही असा की परत पाठवला तर बिबट्याच्या तोंडी जाणार, हे आता सगळ्या गल्लीला कळलेलं. शेजारीपाजारी जमले. शेठला ना हो म्हणता येईना, ना नाही. तोवर बकऱ्यांनी आपला निर्णय घेतला होता. वाळत घातलेल्या मुगवड्या संपवून त्या पापडांकडे वळल्या होत्या. एक जिना चढून माडीवर गेली आणि शेठच्या गादीवर लेंड्या टाकून खाली आली. कुसुमलताबाईंनी केळीचे खुंट मागवले, पाण्याच्या बादल्या भरल्या, आणि बकऱ्यांचा पाहुणचार सुरू झाला. तो संपायची काही लक्षणं दिसेनात, कारण रोज गेंदा ओट्यावर आणि रोज बकऱ्या अंगणात. एक तर व्यालीसुद्धा. करडाचं नाव गल्लीतल्या पोरांनी भिकम ठेवलं.

शेवटी शेठने साहेबांना आणि मला बोलावलं. चहा आला, पण दुधाला बकरीचा वास होता. शेठ म्हणाले, पाटी काढली तर हरणं जातात, ठेवली तर बकऱ्या जातात. मी पाणी दिलं, नाना, मला हे दोन्हीकडून पाप कसं काय लागलं?

साहेब परत खरं सांगायला निघाले, अन्नसाखळी वगैरे. मी त्यांच्या पायावर पाय दिला. मग मी म्हटलं, शेठजी, आमच्या गावात वाघदेवाला नारळ देतो, तो ज्याच्या नावाने द्यावा त्याला लागतो. मी आजारी असलो आणि माझ्या नावाने शेजाऱ्याने फोडला तर गुण मला. तुम्ही पाणी दिलं हे खरं. पण हे सगळं लागतंय ते तिथे तुमचं नाव आहे म्हणून. नावच नसतं तर? गुप्तदान करा.

शेठ विचारात पडले. नावाशिवाय दान ही कल्पना त्यांच्या डोक्यात शिरत होती, पण बसायला जागा मिळत नव्हती.

कुसुमलताबाई दाराला टेकून उभ्या होत्या. कडेवर करडू होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बिनानावाची पाटी चांगली दिसत नाही. बोदवडवाल्यांचं नाव टाका. त्यांना हौस आहे."

शेठने बायकोकडे पाहिलं. मी शेठकडे पाहिलं. साहेब त्यांच्या चहाकडे पाहत होते.

"आणि पाप?" शेठने विचारलं.

"त्यांच्याकडे आधीच एवढं आहे," बाई म्हणाल्या, "त्यात हे कुठे उठून दिसणार आहे."

एवढं ठरलं. राहिला प्रश्न बकऱ्यांचा. गेंदाने इतक्या दिवसांत ओट्यावरून हलण्यासाठी एकही अट घातली नव्हती. आता घातली. ती म्हणाली, ती जुनी पाटी माले द्या, बकऱ्या घरी लई जास. शेठला वाटलं ही भंगारात विकणार, म्हणून त्यांनी वर पैसे देऊ केले. ते तिने घेतले नाहीत. पाटीच पाहिजे म्हणाली. कुसुमलताबाई मात्र गालात हसल्या. त्यांना कळलं होतं. भिंतीवरच्या आरशात बकऱ्यांनी कशा टकरा दिल्या होत्या, ते त्यांनी आठवडाभर पाहिलं होतं. करडू मात्र त्यांनी ठेवून घेतलं. नाव बदललं, एवढंच.

नवी पाटी साध्या सिमेंटची केली, वर ऑइलपेंट. बन्सीलालजी यांच्या सौजन्याने. बाकी काही नाही. विनंती वगैरे टाकू नका, असं बाईंनीच सांगितलं. विनंती केली की ती मोडली जाते आणि मग उगाच मनाला लागतं.

बन्सीलालशेठना साडूचं बोलावणं गेलं. ते आले, पाटी पाहिली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खर्च दुसऱ्याचा आणि नाव आपलं, असं भाग्य त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी भर जंगलात भिकमचंदशेठना मिठी मारली. इतक्या वर्षांचं वैर संपलं, म्हणाले. भिकमचंदशेठ मिठीत अंग चोरून उभे होते.

संध्याकाळी सगळे मचाणावर बसलो. दोन्ही शेठनी डबे उघडले आणि दिवस मावळायच्या आत जेवून, पाणी पिऊन, हात धुऊन घेतले. बुच्याही त्या बाबतीत नियमाचा पक्का. सूर्य असेपर्यंत तोंडाला काही लावत नाही. सूर्य बुडाला तसा तो आला. वळणावर थांबला, मान लांब करून काठावर पाहिलं. तो दुसरा आज नव्हता. बुच्याच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला तो निवृत्तीच्या दिवशी माझ्या वरिष्ठांच्या चेहऱ्यावर पाहिला होता. तो पाण्यावर आला, पोटभर प्यायला, आणि पाटीच्या मागे आडोशाला अंग मुडपून बसला.

थोड्या वेळाने चितळं आली.

भिकमचंदशेठनी डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. बन्सीलालशेठ कौतुकाने पुढे वाकले. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. साहेबांनी बशी पाडून दाखवलं होतं, बरोबर तसंच झालं. फरक एवढाच की बुच्याने नंतर आपलं जेवण ओढत आणलं ते नेमकं पाटीखाली, जिथे ऑइलपेंटने बन्सीलालजी लिहिलेलं होतं. पंगत वाढावी तसं.

बन्सीलालशेठनी पाटीकडे पाहिलं. बुच्याकडे पाहिलं. मग मान वळवून, डोळे मिटून बसलेल्या साडूकडे पाहिलं. व्यापारी माणूस. माल कुणाचा, भाडं कुणाचं आणि तोटा कुणाच्या माथी, हे समजायला त्याला वेळ लागत नाही.

"भिकमचंदजी," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "एवढा मान मला एकट्याला सोसायचा नाही. पलीकडच्या नाल्यात दुसरा पाणवठा मी बांधतो. नाव तुमचं टाकू."

भिकमचंदशेठनी एक डोळा उघडला.

तेव्हापासून आमच्या चिरमाळला पाण्याची ददात नाही. बन्सीलालशेठनी पलीकडे पाणवठा बांधला, त्यावर नाव भिकमचंदशेठचं. ते कळताच भिकमचंदशेठनी खालच्या खोऱ्यात आणखी एक बांधला, बन्सीलालशेठच्या नावाचा, आणि तो जरा मोठा केला, म्हणजे तिथे जास्त जनावरं येतील. त्यावर बन्सीलालशेठनी मचाण दिलं, सोलर पंप दिला, वणवा विझवायला पाण्याची गाडी दिली, सगळ्यावर साडूचं नाव. गस्तीच्या गार्डांचे बूटसुद्धा आले, तळव्याला नाव कोरलेले, म्हणजे पायाखाली मुंगी आली तर ती कुणाच्या नावावर जाईल ते आधीच ठरलेलं. आता तर सावद्याची आणि बोदवडची इतर मंडळीही साहेबांच्या कचेरीत येतात आणि हळूच विचारतात, की आमच्या अमुक मेहुण्याच्या नावाने काही करता येईल का. सरकारी निधी मागच्या महिन्यात खरंच येऊन पोचला. साहेबांना तो कुठे खर्च करावा सुचेना, तेव्हा त्यांनी आधी गेंदाच्या बकऱ्यांची भरपाई दिली.

हे प्रकरण दोन्ही शेठच्या जैन महाराजसाहेबांच्या कानावर गेलं. विहार करत ते सावद्याला आले होते. दोन्ही साडू दर्शनाला गेले. महाराज ऐकून हसले आणि म्हणाले, पाप आणि पुण्य पाट्या वाचत नाहीत रे बाबांनो, तहानलेल्याला पाणी द्या आणि नाव विसरा. दोघांनी भक्तिभावाने मान डोलावली, हात जोडले, बाहेर आले, आणि चपला घालता घालता पुढच्या पाट्यांची मापं सांगितली.

बुच्या वर रमला आहे. आता इतके पाणवठे झालेत की कुठल्या शेठकडे जेवावं असा त्याला प्रश्न पडतो. अंगाने असा सुटलाय की तुटका कानसुद्धा गोबरा दिसतो. तरी जुनी सवय म्हणून अधूनमधून खाली गेंदाच्या घरापर्यंत येतो. तिथे खोपटाच्या दाराला ती स्टीलची पाटी आहे. गेंदा ती रोज राखेने घासते, भांडी घासते तशी. बुच्या येतो, समोर तोच तो दुसरा, कान तुटका, बकऱ्यांच्या दारात ठाण मांडून बसलेला. बुच्या थोडा वेळ बघतो, या घरची वतनदारी गेली असं समजतो, आणि परत फिरतो. जाताना जांभई देतो, पण आता ती नुसती ओळख ठेवण्यापुरती.

परवा रोशनी सुट्टीत धुळ्याहून आली होती, पांढऱ्या ड्रेसमध्ये, इंजेक्शन द्यायला शिकून. पहिलं इंजेक्शन तिने बकरीला दिलं, दुसरं मला. ती पाटी वाचून हसायला लागली आणि आईला म्हणाली, इथे काय लिहिलंय ते तुला माहीत आहे का?

गेंदा राखेचा हात झटकत म्हणाली, "माले वाचता येस नही. त्याले बी येस नही. चालस आमनं."